कंपनीतून ब्रेक मिळाला, आता गावात धंदा टाकायचाय? आधी पैशांचा आणि तारखांचा क्रम समजून घ्या

गंगापूर (ग्रामीण वार्ताहर) : वाळूज, शेंद्रा, चितेगावच्या कंपन्यांत आपल्या भागातली पोरं ठेकेदाराकडून कामाला जातात. काही महिने काम, मग ब्रेक, मग दुसरा ठेकेदार, असं चार-पाच वर्षं चालतं. एक दिवस गेटवर सांगतात, उद्यापासून येऊ नका. मग पोरगा गावाकडं येतो. शेत दीड-दोन एकर, त्यात भावाचा हिस्सा. तेव्हा विचार सुरू होतो की पिठाची गिरणी टाकू, मसाला कांडप टाकू, मोटार वाइंडिंग करू, वेल्डिंगचं दुकान टाकू.

हा विचार चांगलाच आहे. पण अशा वेळी पोरं पहिलं काम काय करतात, तर पीएफचे सगळे पैसे काढतात, त्यातून मशीन आणतात आणि मग बँकेत कर्जाची चौकशी करायला जातात. इथंच सगळं उलटं होतं. नोकरी गेल्यावर मिळणारा विम्याचा पैसा सुटतो, कर्जावरची सबसिडी सुटते आणि पीएफवर वर टीडीएस कापला जातो. योजना सगळ्या आहेत, पण प्रत्येकीत तारीख बघतात. कोणता कागद आधी आणि कोणता नंतर, यावरच पैसे मिळायचे की नाही ते ठरतं. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

राजीनाम्यावर सही करण्याआधी थांबा

कामावरून काढताना ऑफिसात एक छापील कागद पुढं करतात. "हिशेब घ्यायचा असेल तर इथं सही करा." तो कागद बऱ्याचदा राजीनामा असतो, "मी माझ्या घरगुती अडचणीमुळे काम सोडत आहे" असा. पोरगा वाचत नाही, सही करतो, हिशेब घेतो आणि निघतो.

या एका सहीची किंमत मोठी आहे. ईएसआयची बेरोजगारीची मदत फक्त काम गेलेल्याला मिळते, काम सोडलेल्याला मिळत नाही. स्वतःहून नोकरी सोडली, स्वेच्छानिवृत्ती घेतली, शिस्तभंगाच्या कारवाईत काढलं किंवा बेकायदा ठरवलेल्या संपात होता, तर अर्ज बाद होतो. मालक विम्याचा भरणा ऑनलाइन करतो तेव्हा कामगार का निघाला हे कारणही तिथं नोंदवतो. ते कारण "नोकरी सोडली" असं पडलं की पुढं शाखेत कितीही सांगा, कागद तुमच्या विरोधात बोलतो.

म्हणून काढत असतील तर काढल्याचं पत्र मागा. ठेका संपला असेल तर ठेका संपल्यामुळे काम बंद, असं लिहून मागा. पत्र देत नसतील तर व्हॉट्सअॅपवरचे मेसेज, शेवटच्या महिन्याची पगार स्लिप, गेटपास, हजेरी कार्ड जपून ठेवा. आणि कायम कामगार म्हणून वर्षभरापेक्षा जास्त काम केलं असेल, तर कपातीत काढताना एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार आणि भरलेल्या प्रत्येक वर्षामागं पंधरा दिवसांचा पगार हा भरपाईचा नियम आहे. राजीनामा दिला की तोही विषय संपतो. हिशेबाचे पाच-सात हजार आज हातात पडतात म्हणून लोक सही करतात. अडचण असते, मान्य आहे. पण आधी वाचा तरी, आणि मोबाइलवर फोटो काढून घ्या.

तीन महिन्यांची मदत कशी मिळते

तुमच्या पगारातून ईएसआय कापला जात असेल, तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना तुमच्यासाठी आहे. १ जुलै २०१८ पासून ही योजना आहे. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनात महिना २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्यांना ईएसआय लागू होतो. तुमच्या पगारातून ०.७५ टक्के कापतात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. म्हणजे ही भीक नाही, तुमच्याच वर्गणीतून उभा राहिलेला विमा आहे. तरी बहुतेकांना ईएसआय म्हणजे फक्त दवाखाना एवढंच माहीत असतं.

मूळ योजनेत रोजच्या सरासरी कमाईच्या २५ टक्के मदत होती. कोरोनात, २४ मार्च २०२० पासून, ती ५० टक्के केली आणि अटीही सैल केल्या. ही वाढीव मदत मुदतवाढीवर चालते, त्यामुळे अर्जाच्या वेळी कोणता दर चालू आहे ते शाखेत विचारून घ्यायचं. मदत जास्तीत जास्त ९० दिवसांची मिळते, आणि तीही आयुष्यात एकदाच.

हिशेब असा. समजा दोन वर्षं महिना १५ हजार पगार होता. चोवीस महिन्यांचे झाले ३ लाख ६० हजार. त्याला ७३० दिवसांनी भागलं की रोजचे साधारण ४९३ रुपये. त्याचे निम्मे २४६. नव्वद दिवसांचे होतात २२ हजारांच्या आसपास. धंदा उभा करायला हा पैसा पुरत नाही. पण घरचा किराणा, लेकरांची फी, दुधाचं बिल या तीन महिन्यांत निघतं आणि पीएफला हात लावायची घाई होत नाही. या पैशाचं खरं काम तेच आहे.

सवलतीतल्या अटी अशा. विम्याखालची नोकरी किमान दोन वर्षं झालेली पाहिजे. ईएसआयचं वर्ष दोन भागांत मोजतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. नोकरी गेली त्याच्या लगेच आधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी, आणि दोन वर्षांतल्या बाकीच्या तीन सहामाह्यांपैकी कोणत्याही एकीत ७८ दिवसांची.

आता ठेकेदाराकडच्या पोरांनी इथं नीट लक्ष द्यावं. ठेकेदार बदलला तरी विमा नंबर तोच राहायला हवा. नवा ठेकेदार घाईत नवा नंबर काढतो आणि मग तुमची दोन वर्षं दोन तुकड्यांत पडतात. नवीन कामावर जाताना जुना दहा आकडी विमा नंबर स्वतः लिहून द्या. नंबर दोन झालेच असतील तर शाखेत जाऊन जोडून घ्या. हे काम नोकरी चालू असतानाच करायचं, कारण काढल्यावर ठेकेदार फोन उचलत नाही.

नोकरी गेल्यावर ३० दिवस झाले की अर्ज करता येतो. मालकाच्या सहीशिक्क्याची वाट बघायची गरज नाही, कामगार स्वतः ईएसआयच्या संकेतस्थळावर अर्ज करतो. आधार आणि बँक पासबुक स्कॅन करून नीट चढवलं तर स्टॅम्प पेपरवरचं प्रतिज्ञापत्रही लागत नाही, ती अट २०२० मध्ये काढली. कोणी त्यासाठी पाचशे रुपये मागत असेल तर देऊ नका. पैसे थेट खात्यात येतात. झालेल्या दिवसांचेच मिळतात, पुढच्या दिवसांचे आगाऊ मिळत नाहीत. आणि नोकरी गेल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज झाला पाहिजे.

कंपनीच बंद पडली किंवा कायद्याप्रमाणे कामगार कपात झाली असेल, तर याहून मोठी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आहे. ती २००५ पासून आहे. दोन वर्षांची वर्गणी असेल तर पहिले बारा महिने रोजच्या पगाराच्या ५० टक्के आणि पुढचे बारा महिने २५ टक्के भत्ता मिळतो, भत्ता चालू असेपर्यंत घरच्यांना दवाखानाही मिळतो. मात्र कंपनी बंद झाल्याचे किंवा कपातीचे पक्के कागद लागतात, आणि एकाच काळासाठी दोन्ही योजनांचे पैसे मिळत नाहीत. ज्यांची कंपनी खरोखर बंद झाली त्यांनी आधी हीच चौकशी करावी.

मदत चालू असताना धंद्याची तयारी करता येते का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. सरळ सांगतो. मदत बेरोजगाराला आहे. कमाई सुरू झाली की तुम्ही बेरोजगार राहत नाही. तीन महिन्यांच्या मध्येच काम मिळालं, तर काम गेल्याच्या तारखेपासून नवं काम सुरू झाल्याच्या तारखेपर्यंतचीच मदत मिळते. दुकान उघडून गल्ला चालू आहे आणि तिकडं बेरोजगार म्हणून पैसे घेतोय, असं करू नका. खोटी माहिती देऊन लाभ घेतला आणि त्यात शिक्षा झाली, तर पुढचा हक्कही जातो.

पण तयारी करणं म्हणजे कमाई करणं नाही. या तीन महिन्यांत प्रशिक्षण घ्या, मशीनवाल्यांकडून कोटेशन आणा, जागा बघा, थ्री फेज लाइनची चौकशी करा, गावात आधीच किती गिरण्या आहेत आणि बाया दळण कुठं नेतात ते मोजा. या काळात हीच खरी कामं आहेत.

प्रशिक्षणासाठी आरसेटी आहे, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था. त्या बँका चालवतात, बहुतेक ठिकाणी जिल्ह्याची अग्रणी बँक. प्रशिक्षण फुकट, राहणं-जेवण फुकट. मोटार रिवाइंडिंग, मोबाइल दुरुस्ती, शेळीपालन, दुग्धव्यवसाय, शिलाई असे कोर्स असतात. पुढं कर्ज मागताना तिथलं प्रमाणपत्र दाखवता येतं. आपल्याकडं लोक त्याला "सरकारी ट्रेनिंग, काय कामाचं" म्हणून हसतात. हसू द्या.

आधी मशीन घेतलं तर सबसिडी गेली

आता खर्चाकडं येऊ. केंद्राची पंतप्रधान रोजगार निर्मिती योजना, जिला सगळे पीएमईजीपी म्हणतात, आणि राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम, या दोन्हींत बँक कर्ज देते आणि सरकार त्यावर सबसिडी देतं. अर्ज ऑनलाइन, काम जिल्हा उद्योग केंद्र आणि खादी मंडळामार्फत चालतं. अर्जाला फी नाही.

दोन्ही योजना नव्या धंद्यासाठी आहेत. चालू असलेल्या धंद्याला ही सबसिडी मिळत नाही. पीएफच्या पैशातून तुम्ही आधीच गिरणी आणली, बिल तुमच्या नावावर झालं, वीज जोडली, दळण सुरू झालं आणि चार महिन्यांनी अर्ज केला, तर अधिकारी पाहणीला येतो आणि लिहितो की युनिट अस्तित्वात आहे. झालं. आमच्या शिवारातल्या एका पोराचं असंच झालं. अडीच लाखांचं मशीन रोखीनं घेतलं, नंतर सबसिडीच्या मागं फिरला. मशीन चांगलं चालतंय, पण जे पैसे सरकारकडून आले असते ते त्याच्या पीएफमधून गेले.

आकड्यांत बघा. ग्रामीण भागात चार लाखांचा मसाला कांडप आणि गिरणीचा प्रकल्प धरा. पीएमईजीपीत सर्वसाधारण गटाला ग्रामीण भागात २५ टक्के सबसिडी, म्हणजे एक लाख. स्वतःचा हिस्सा १० टक्के, म्हणजे चाळीस हजार. अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक, महिला, माजी सैनिक, दिव्यांग यांना ग्रामीण भागात ३५ टक्के, म्हणजे एक लाख चाळीस हजार, आणि स्वतःचा हिस्सा फक्त ५ टक्के, म्हणजे वीस हजार. पीएफचा पैसा इथं वापरायचा. चाळीस हजार हिश्श्याला, थोडे खेळत्या भांडवलाला, बाकी खात्यात राहू द्या.

नवरा-बायको मिळून एका कुटुंबाला एकच लाभ आहे. बायकोच्या नावानं केलं तर सबसिडी जास्त मिळते, म्हणून बरेच जण तसं करतात. ती खरंच धंदा चालवणार असेल तर जरूर करा. नावाला ती आणि गल्ल्यावर तुम्ही, असं केलं तर प्रशिक्षण, पाहणी, बँकेतल्या सह्या, सगळीकडं तिलाच उभं राहावं लागतं आणि मग घरात भांडणं लागतात.

प्रकल्प खर्चात काय धरतात तेही लक्षात ठेवा. मशीन, शेड, खेळतं भांडवल धरतात. शेड भाड्यानं घेतली तर तीन वर्षांपर्यंतचं भाडं धरता येतं. जमिनीची किंमत धरत नाहीत. उसाची, कापसाची लागवड असल्या पीक शेतीला ही योजना नाही. उत्पादनाचा प्रकल्प दहा लाखांच्या वर किंवा सेवेचा पाच लाखांच्या वर असेल तर आठवी पास पाहिजे. आणि गाव ग्रामीण भागात येतं याचा दाखला ग्रामपंचायतीतून आधीच काढून ठेवा, ऐन वेळी ग्रामसेवक सापडत नाहीत.

उद्यम नोंदणीचीही घाई नको. ती फुकट आहे, आधार आणि पॅनवर दहा मिनिटांत होते, म्हणून ऑनलाइन सेंटरवाला पहिल्याच दिवशी काढून देतो. पण त्यात धंदा कधी सुरू झाला ती तारीख विचारतात. सेंटरवाला मनानं कोणतीही जुनी तारीख टाकतो. ती तारीख कर्ज मंजुरीच्या आधीची पडली की कागदावर तुम्ही जुनं युनिट ठरता. आणि तीच तारीख बेरोजगारीच्या नव्वद दिवसांत पडली तर तिकडंही उत्तर द्यावं लागतं. म्हणून तारीख स्वतः सांगा, खरी सांगा, आणि स्क्रीनवर बघून मगच पुढं जाऊ द्या.

अण्णासाहेब पाटील महामंडळाच्या व्याज परताव्यालाही हाच न्याय आहे. आधी महामंडळाचं पात्रता प्रमाणपत्र, मग बँकेचं कर्ज. कर्ज उचलून नंतर गेलात तर उपयोग नाही.

ज्यांना सबसिडीच्या फेऱ्यांत पडायचं नाही, त्यांना मुद्रा कर्ज आहे. शिशु ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत. तारण लागत नाही. पण मुद्रात सबसिडी नसते. "मुद्रा काढून देतो, निम्मं माफ होतं" असं सांगणारा एजंट भेटला तर त्याला चहा पाजून रवाना करा.

पीएफ कधी आणि किती काढायचा

ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफच्या विश्वस्त मंडळानं ठरवलं की ७५ टक्के रक्कम काढता येईल, २५ टक्के शिल्लक राहील आणि नोकरी गेल्यावर पूर्ण पैसे बारा महिन्यांनी मिळतील. आधी पूर्ण पैसे दोन महिन्यांनी मिळायचे. म्हणून धंद्याचं गणित मांडताना पीएफचे पूर्ण पैसे हातात आहेत असं धरू नका.

पाच वर्षं सलग नोकरी व्हायच्या आत पैसे काढले आणि रक्कम ५० हजारांच्या वर असेल, तर १० टक्के टीडीएस कापतात. पॅन जोडलेला नसेल तर आणखी जास्त. इथं दोन गोष्टी कामाच्या आहेत. जुन्या ठेकेदारांकडचे पीएफ एकाच यूएएनमध्ये वळते करून घेतले, तर सगळी वर्षं मिळून पाच मोजतात. आणि आजारपणामुळे किंवा मालकाचा धंदा बंद झाल्यामुळे, कमी झाल्यामुळे नोकरी गेली असेल, तर पाच वर्षांच्या आतला पैसाही करातून सुटतो. म्हणजे पुन्हा तेच, काम कशामुळे गेलं हे कागदावर काय लिहिलंय ते महत्त्वाचं.

मालकानं नोकरी सोडल्याची तारीख टाकली नाही म्हणून पीएफ अडकला, ही तक्रार घरोघरी आहे. शेवटची वर्गणी जमा झाल्यावर दोन महिन्यांनी ती तारीख तुम्ही स्वतः यूएएनवर टाकू शकता. टाकताना काळजी घ्या, ईएसआयच्या अर्जात वेगळी आणि इथं वेगळी तारीख नको. पेन्शनचा पैसा मात्र काढू नका. दहा वर्षं व्हायची असतील तर स्कीम सर्टिफिकेट घ्या, पुढं परत कंपनीत लागलात तर वर्षं जोडली जातात.

बिलं जपा

धंदा सुरू होण्याआधीही खर्च होतो. प्रकल्प अहवाल करून घेतला, करारनामा केला, वीज मंडळात डिपॉझिट भरलं, जिल्ह्याला चार चकरा झाल्या. हे पैसे शक्यतो फोन पेनं किंवा खात्यातून द्या आणि पावती घ्या. आयकराच्या नियमात प्रकल्प अहवाल, कायदेशीर कागदपत्रं असे काही सुरुवातीचे खर्च पाच वर्षांत समान हप्त्यांनी वजा करता येतात. पण आपल्यासारख्या लहान धंद्याला बहुतेक वेळा दुसरी सोपी वाट असते. २ कोटींच्या आत उलाढाल असेल तर बँकेतून आलेल्या पैशावर ६ टक्के आणि रोखीवर ८ टक्के नफा धरून रिटर्न भरता येतो. मग वेगळे खर्च वजा होत नाहीत. कर बसत नसला तरी रिटर्न भरा, दुसऱ्या कर्जाला बँक तोच मागते. जीएसटी वस्तू विकणाऱ्याला ४० लाखांच्या आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांच्या वर उलाढाल गेल्यावर.

शेवटी सबसिडीबद्दल एक गैरसमज काढून टाकतो. पीएमईजीपीचा एक लाख हातात मिळत नाही. तो तुमच्या नावानं बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून अडकवतात, त्यावर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर बँकही व्याज लावत नाही. तीन वर्षांनी पाहणी होते. मशीन जागेवर असेल आणि धंदा चालू असेल, तरच तो कर्जातून वजा होतो. मध्येच मशीन विकून परत कंपनीत गेलात तर तो लाख सरकारकडं परत जातो आणि कर्ज तेवढंच उरतं.